तलाव कुणाचा, धोका कुणाला? जुन्या खासगी धरणांची जबाबदारी नेमकी कोणावर असते?

३१ मे १८८९ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात एक धरण फुटलं आणि साधारण तासाभरात खालचं जॉन्सटाउन शहर उद्ध्वस्त झालं. या पुरात २,२०९ माणसांचा बळी गेला. हे धरण शेतीसाठी नव्हतं, विजेसाठी नव्हतं आणि पिण्याच्या पाण्यासाठीही नव्हतं. पिट्सबर्गच्या श्रीमंत उद्योगपतींना उन्हाळ्यात मासेमारी आणि नौकाविहार करता यावा, म्हणून एका खासगी क्लबने ते आपल्या ताब्यात ठेवलं होतं.

१९ मे २०२० रोजी मिशिगन राज्यातलं ईडनव्हिल धरण फुटलं. तेही खासगी मालकीचं होतं आणि त्याच्या जलाशयाभोवतीही सुट्टीची घरं आणि बोटींचे धक्के होते. या वेळी वेळेत लोकांना हलवल्यामुळे कुणाचा जीव गेला नाही. पण १० हजारांहून अधिक लोकांना घर सोडावं लागलं.

दोन्ही घटनांमध्ये १३१ वर्षांचं अंतर आहे. दोन्ही धरणं मातीची होती, दोन्हींचे दोष आधीच सांगितले गेले होते. आणि दोन्ही वेळा प्रश्न एकच होता: तलावाचा आनंद वरच्या काठावरचे लोक घेतात, धोका खालच्या गावाला असतो, मग दुरुस्तीचे पैसे कोणी भरायचे?

धरण खासगी हातात गेलं कसं?

जॉन्सटाउनच्या वर असलेलं साउथ फोर्क धरण मुळात सरकारी होतं. पेनसिल्व्हेनिया राज्याने मालवाहतुकीसाठी कालवा बांधला होता. उन्हाळ्यात कालव्यात पाणी कमी पडू नये म्हणून १८३८ मध्ये या धरणाचं काम सुरू झालं. पैशांअभावी ते रखडत गेलं आणि १८५३ मध्ये पूर्ण झालं. तोवर याच मार्गावर रेल्वे धावू लागली होती. ज्या कालव्यासाठी धरण बांधलं, त्या कालव्याचीच गरज संपली.

१८५७ मध्ये राज्याने कालव्यासह हे धरण पेनसिल्व्हेनिया रेलरोड या कंपनीला विकलं. रेल्वे कंपनीला धरणात रस नव्हता. १८६२ मध्ये धरणाच्या तळातून जाणाऱ्या दगडी मोरीजवळ भराव खचला. तलावात पाणी कमी असल्यामुळे खाली मोठं नुकसान झालं नाही. त्यामुळे कोणी दुरुस्तीही केली नाही. पुढची जवळपास १७ वर्षं धरण तसंच पडून होतं.

१८७५ मध्ये जॉन रायली यांनी ते विकत घेतलं. रायली अमेरिकी काँग्रेसचे सदस्य होते. चार वर्षांनी त्यांनी ते बेंजामिन रफ यांना विकून टाकलं. मात्र त्याआधी त्यांनी धरणाच्या तळातले लोखंडी नळ काढून भंगारात विकले होते.

हे नळ म्हणजे धरणाचा विमोचक. तलावातलं पाणी ठरवून कमी करायचं असेल, तर ते याच वाटेने सोडता येतं. नळ गेल्यामुळे पाणी बाहेर पडायला एकच वाट उरली, ती म्हणजे सांडवा. सांडवा धरणाच्या वरच्या बाजूला असतो. त्यामुळे पाणी सांडव्याच्या पातळीच्या खाली नेणं अशक्य झालं. गळती दिसली, तरी तलाव रिकामा करून ती दुरुस्त करता येणार नव्हती.

राज्य, रेल्वे, रायली आणि रफ असा या धरणाचा प्रवास झाला. प्रत्येक व्यवहारात कागदावर मालक बदलला. जुनी मोडतोड मात्र जशीच्या तशी पुढच्या मालकाकडे गेली.

क्लबने नेमकं काय केलं?

रफ यांनी १८७९ मध्ये 'साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब' स्थापन केला. पुढे अँड्र्यू कार्नेगी, हेन्री फ्रिक, अँड्र्यू मेलन असे बडे उद्योगपती त्याचे सदस्य झाले. तलावाकाठी मोठं क्लबहाउस आणि सदस्यांचे बंगले उभे राहिले. तलावात खास मासे आणून सोडले गेले.

धरणाची डागडुजी झाली, पण ती कामचलाऊ होती. खचलेल्या जागी दगड-मातीबरोबर झाडांच्या फांद्या, गवत आणि शेणखतही भरलं गेलं. काढून नेलेले नळ पुन्हा बसवले नाहीत. आणि आणखी दोन बदल झाले.

पहिला बदल रस्त्याचा. धरणमाथ्यावरून समोरासमोरच्या दोन घोडागाड्या जाता याव्यात म्हणून माथा रुंद हवा होता. मातीचं धरण वरच्या बाजूला निमुळतं असतं. त्यामुळे माथा रुंद करायचा सोपा उपाय म्हणजे तो थोडा कापणं. तो साधारण तीन फूट खाली आणला गेला. म्हणजे सांडवा आणि माथा यांच्यातलं अंतर तेवढं कमी झालं.

दुसरा बदल माशांसाठी होता. महागडे मासे सांडव्यातून निसटू नयेत म्हणून तिथे जाळ्या लावल्या गेल्या. साध्या दिवशी त्यातून पाणी आरामात जायचं. पण पुरात झाडाच्या फांद्या आणि पालापाचोळा वाहून आला की तीच जाळी सांडव्याचं बूच व्हायची.

मातीच्या धरणाच्या बाबतीत एक नियम सगळ्यात महत्त्वाचा: पाणी माथ्यावरून वाहता कामा नये. काँक्रीटचं धरण काही वेळ माथ्यावरून वाहणारं पाणी सोसू शकतं. मातीच्या धरणात मात्र पाणी खालच्या उतारावरची माती धुऊन नेतं, घळ पडते आणि ती वेगाने खोल होत जाते. क्लबच्या दोन्ही बदलांमुळे पाणी माथ्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढली.

कोणी इशारा दिला नव्हता का?

दिला होता, आणि तोही लेखी.

जॉन्सटाउनमध्ये कँब्रिया आयर्न ही मोठी पोलाद कंपनी होती. तिचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांना वरच्या धरणाची काळजी वाटत होती. १८८० मध्ये त्यांनी जॉन फुल्टन या आपल्या अभियंत्याला पाहणीसाठी पाठवलं. फुल्टन यांनी दोन मुख्य दोष नोंदवले. तलाव रिकामा करायची सोय नाही, आणि दुरुस्तीचं काम नीट झालेलं नसल्याने गळती सुरू आहे.

रफ यांनी फुल्टन यांच्या निष्कर्षांवरच शंका घेतली आणि खालच्या लोकांना आपल्या धरणापासून काहीही धोका नाही, असं उत्तर पाठवलं. मॉरेल यांनी दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलण्याची तयारीही दाखवली. क्लबने ती मान्य केली नाही.

मॉरेल यांच्या हातात यापलीकडे काही नव्हतं. धरण दुसऱ्याच्या मालकीचं होतं. त्याची तपासणी करणारं, दुरुस्तीचा आदेश देणारं कोणतंही सरकारी खातं तेव्हा नव्हतं. मॉरेल १८८५ मध्ये आणि रफ १८८७ मध्ये वारले. पत्रव्यवहार तेवढा राहिला.

३१ मे १८८९ ला काय झालं?

आदल्या रात्रीपासून मुसळधार पाऊस कोसळत होता. सकाळी तलावाचं पाणी झपाट्याने वाढताना दिसलं. क्लबचे अध्यक्ष एलायस उंगर यांनी मजूर लावून माथ्यावर मातीचा बांध घालायचा, दुसरा सांडवा खणायचा आणि जाळ्यांतला कचरा काढायचा प्रयत्न केला. काहीच पुरं पडलं नाही.

जॉन पार्क हा तरुण अभियंता घोड्यावरून साउथ फोर्क गावात गेला आणि तिथून तारेने इशारे पाठवण्याचा प्रयत्न झाला. पण धरण फुटणार अशी हूल जॉन्सटाउनने अनेकदा ऐकली होती. शिवाय शहरात आधीच पुराचं पाणी शिरलं होतं आणि लोक सामान वरच्या मजल्यावर नेण्यात गुंतले होते.

दुपारी तीनच्या सुमारास धरण फुटलं. तलावात साधारण अर्धा टीएमसी पाणी होतं, म्हणजे खडकवासला धरणाच्या उपयुक्त साठ्याच्या जवळपास पाव हिस्सा. आकडा लहान वाटतो. पण हे पाणी अरुंद दरीतून, घरं, झाडं आणि रेल्वेचे डबे बरोबर घेत साधारण २२ किलोमीटर खाली आलं. चार वाजून सात मिनिटांनी ते जॉन्सटाउनवर आदळलं.

वाहून आलेला ढिगारा शहरातल्या दगडी रेल्वे पुलाला अडकला आणि त्याला आग लागली. पुरातून वाचलेले काही जण या आगीत गेले. मृतांपैकी ७५० हून अधिक जणांची ओळख कधीच पटली नाही. ग्रँडव्ह्यू दफनभूमीत त्यांच्यासाठी बिननावाच्या दगडांची एक वेगळी जागा आहे.

नुकसान कोणी भरून दिलं?

कोर्टात खटले गेले, पण क्लबकडून पूरग्रस्तांना नुकसानभरपाई मिळाली नाही. क्लब ही स्वतंत्र संस्था होती आणि तिच्याकडे तलाव आणि इमारतींपलीकडे फारशी मालमत्ता नव्हती. सदस्य अतिश्रीमंत असले, तरी त्यांच्या खासगी संपत्तीला हात लावता आला नाही. पूर ही दैवी आपत्ती होती, हा बचाव टिकला. काही सदस्यांनी मदत म्हणून पैसे दिले. कार्नेगी यांनी शहरात नवं वाचनालय बांधून दिलं. त्याच इमारतीत आज पुराचं संग्रहालय आहे. पण देणगी देणं वेगळं आणि जबाबदारी घेणं वेगळं, ही गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली.

अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सच्या समितीने चौकशी केली. तिचा अहवाल १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. क्लबने बदल केले नसते, तरी एवढ्या पावसात धरण टिकलं नसतं, असा त्याचा निष्कर्ष होता. हा निष्कर्ष बराच काळ मानला गेला. अलीकडे संशोधकांनी संगणकाच्या मदतीने नव्याने हिशेब केला. त्यात माथा कापल्यामुळे धरणाची सुरक्षितपणे पाणी सोडण्याची क्षमता जवळपास निम्मी झाली होती, असं दिसून आलं.

या प्रकरणाचा एक धागा थेट भारतीय कायद्यापर्यंत येतो. १८६८ मध्ये इंग्लंडमध्ये 'रायलंड्स विरुद्ध फ्लेचर' हा खटला गाजला होता. एका गिरणीमालकाने बांधलेल्या तलावाचं पाणी शेजारच्या खाणीत शिरलं होतं. आपल्या जमिनीवर धोकादायक गोष्ट साठवणाऱ्याने ती निसटल्यास भरपाई द्यावी, निष्काळजीपणा सिद्ध होण्याची गरज नाही, असं तत्त्व त्यातून पुढे आलं. अमेरिकी कोर्टं आधी हे तत्त्व मानायला तयार नव्हती. जॉन्सटाउननंतर अनेक राज्यांतल्या कोर्टांनी ते स्वीकारलं.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात, १९८६ च्या निकालात, याच तत्त्वाच्या पुढे पाऊल टाकलं. घातक उद्योग करणाऱ्याला 'दैवी आपत्ती होती' अशी सबब सांगून सुटता येणार नाही, अशी संपूर्ण दायित्वाची भूमिका न्यायालयाने घेतली.

अशी खासगी धरणं आजही आहेत का?

भरपूर आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय धरण यादीत ९० हजारांहून अधिक धरणं आहेत आणि त्यातली निम्म्याहून अधिक खासगी मालकीची आहेत. धरण कशासाठी वापरलं जातं, या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा दिसणारं उत्तर आहे मनोरंजन. सरासरी वय साठीच्या आसपास आहे.

मालक कोण असतात? एखादं कुटुंब, एखादा क्लब, रिसॉर्ट, शिक्षणसंस्था किंवा तलावाभोवतीच्या घरमालकांचा संघ. आपल्याकडे सोसायटीची लिफ्ट बदलायची म्हटली की वर्गणीवरून किती बैठका होतात, हे अनेकांना माहीत आहे. तिथे लिफ्टच्या जागी धरण असतं. फरक एवढाच की लिफ्ट बंद पडली तर त्रास सभासदांनाच होतो. धरण फुटलं तर फटका सभासद नसलेल्यांना बसतो.

जॉर्जिया राज्यातलं केली बार्न्स धरण याचं उदाहरण आहे. ते आधी वीजनिर्मितीसाठी होतं. १९५७ नंतर वीज बंद झाली आणि तलाव एका बायबल कॉलेजच्या आवारात मनोरंजनापुरता उरला. ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे ते फुटलं आणि कॉलेजच्या आवारातच ३९ जण दगावले. जिमी कार्टर तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष होते आणि जॉर्जिया हे त्यांचं स्वतःचं राज्य. या घटनेनंतर त्यांनी धोकादायक ठरू शकणाऱ्या बिगर-संघीय धरणांची तपासणी करण्याचे आदेश लष्कराच्या अभियंत्यांना दिले.

वय वाढलं की धरणाला काय होतं?

मातीचं धरण बाहेरून हिरवंगार आणि शांत दिसतं. बिघाड आत चालू असतो.

• पाझर: प्रत्येक मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरतंच. स्वच्छ पाणी ठरलेल्या वाटेने येत असेल, तर काळजीचं कारण नसतं. पाणी गढूळ येऊ लागलं, तर आतली माती वाहून जात आहे आणि भरावात पोकळी तयार होत आहे, असा त्याचा अर्थ होतो.

• गंजलेले नळ: विमोचकाचा धातूचा नळ भरावाच्या पोटातून जातो. तो गंजला की त्याच्या बाजूने पाणी वाट काढतं.

• झाडं आणि प्राणी: भरावावर वाढलेल्या झाडांची मुळं आणि बिळं करणारे प्राणी पाण्याला आयती वाट करून देतात.

• अपुरा सांडवा: शंभर वर्षांपूर्वी पावसाच्या तुटपुंज्या नोंदींवरून सांडव्याचा आकार ठरवला जायचा. आजच्या हिशेबात तो अनेकदा लहान ठरतो.

• खाली वाढलेली वस्ती: धरण बांधलं तेव्हा खाली शेतं होती, आज तिथे घरं आहेत. धरणात काहीही बदल न होता त्याचा धोका वाढतो.

या शेवटच्या मुद्द्याशी जोडलेला एक गैरसमज दूर करायला हवा. अमेरिकेत एखाद्या धरणाला 'उच्च धोका' वर्गात टाकलं, म्हणजे ते फुटायला आलं आहे असं नाही. ते फुटलंच तर माणसं दगावण्याची शक्यता आहे, एवढाच त्याचा अर्थ. धरणाची प्रकृती कशी आहे, याची नोंद वेगळी असते. सोशल मीडियावर फिरणाऱ्या यादीत नाव दिसलं, तर ती कोणती यादी आहे, हे आधी पाहावं.

ईडनव्हिलमध्ये पुन्हा तेच का घडलं?

जॉन्सटाउनच्या वेळी धरणांवर देखरेख करणारी यंत्रणाच नव्हती. ईडनव्हिलच्या वेळी एकापेक्षा जास्त यंत्रणा होत्या. तरीही धरण फुटलं.

हे धरण १९२० च्या दशकात वीजनिर्मितीसाठी बांधलं गेलं. पुढे त्याच्या विक्सम तलावाभोवती घरं झाली आणि परिसराचं अर्थकारण तलावावर उभं राहिलं. वीजनिर्मितीमुळे धरणावर संघीय ऊर्जा नियामक आयोगाचं नियंत्रण होतं. मोठा पूर आल्यास सांडवा अपुरा पडेल, तो वाढवा, असं आयोग वर्षानुवर्षं सांगत होता. २००६ मध्ये बॉइस हायड्रो ही कंपनी मालक झाली. एवढ्या मोठ्या कामासाठी पैसे नाहीत, असं कंपनीचं म्हणणं होतं.

शेवटी सप्टेंबर २०१८ मध्ये आयोगाने कंपनीचा वीजनिर्मितीचा परवाना रद्द केला. कारवाई कडक होती, पण तिचा परिणाम उलटा झाला. परवाना गेल्याने वीज विकून येणारं उत्पन्न थांबलं. धरण, तलाव आणि सांडव्याचा प्रश्न मात्र जागेवरच राहिला. देखरेख आता मिशिगन राज्याकडे आली. सांडव्याबाबत राज्याचे निकष संघीय निकषांपेक्षा सौम्य होते आणि हजाराहून अधिक धरणांसाठी राज्याकडे मोजकेच अभियंते होते.

तलावाची पातळी हाही वादाचा विषय होता. पाणी कमी ठेवलं तर भरावावरचा ताण घटतो. पण काठावरच्या घरमालकांना तलाव भरलेला हवा होता. पाणी उतरलं की बोटी चिखलात रुततात आणि घरांच्या किमती पडतात. दुसरीकडे, कंपनीने परवानगीशिवाय पाणी उतरवल्यामुळे गोड्या पाण्यातले शिंपले मोठ्या प्रमाणात मेले, असा आरोप करत राज्याने एप्रिल २०२० मध्ये कंपनीवर खटला भरला. त्यानंतर तीन आठवड्यांत धरण फुटलं.

याच काळात स्थानिक काउंट्यांनी नेमलेली 'फोर लेक्स टास्क फोर्स' ही संस्था कंपनीकडून चार धरणं विकत घेण्याच्या तयारीत होती. व्यवहार पूर्ण होण्याआधी पाऊस आला.

ईडनव्हिल फुटल्यावर त्याच्या पाण्याने खालचं सॅनफर्ड धरणही फोडलं. पुणेकरांना यात १२ जुलै १९६१ आठवेल. त्या दिवशी पानशेत फुटलं आणि त्याच्या लोंढ्याने खडकवासला फोडलं होतं.

स्वतंत्र तज्ज्ञांच्या पथकाचा अंतिम अहवाल २०२२ मध्ये आला. त्यातली माहिती अनेकांना अनपेक्षित होती. वर्षानुवर्षं चर्चा सांडव्याची झाली, पण पाणी माथ्यावरून वाहण्याआधीच धरण फुटलं होतं. एका भागातली सैल, नीट न दाबलेली वाळू पाण्याच्या वाढत्या दाबाखाली अचानक द्रवासारखी वागली आणि भराव घसरला. म्हणजे दोष जवळपास शंभर वर्षांपूर्वीच्या बांधकामातला होता. ही दुर्घटना टाळता येण्याजोगी होती, पण तिला एकच व्यक्ती किंवा संस्था जबाबदार नाही, असं पथकाने नोंदवलं.

कंपनीने जुलै २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. २०२३ मध्ये संघीय कोर्टाने धरणाच्या मालकाविरुद्ध सुमारे १२ कोटी डॉलरचा निकाल दिला. निकाल मोठा होता, पण तेवढे पैसे वसूल होण्याची आशा फारशी कोणाला नव्हती. जॉन्सटाउनमध्ये कायदा कमी पडला होता. इथे कायदा होता, पैसे नव्हते.

मग उपाय काय?

जुन्या धरणाचं काय करायचं, याचे मोजकेच पर्याय असतात.

पहिला पर्याय दुरुस्तीचा. सांडवा रुंद करणं, नळ बदलणं, भराव मजबूत करणं. खर्च मोठा असतो आणि मनोरंजनाच्या तलावातून तो वसूल होत नाही.

दुसरा पर्याय पाणी कायमचं कमी पातळीवर ठेवण्याचा. तो स्वस्त आणि परिणामकारक आहे, पण तलावाकाठच्या लोकांना नकोसा.

तिसरा पर्याय धरण काढून टाकण्याचा. अमेरिकेत गेल्या काही दशकांत शेकडो जुनी धरणं काढली गेली आहेत. त्यालाही पैसा लागतो, कारण साचलेला गाळ हळूहळू आणि सांभाळून सोडावा लागतो.

चौथा पर्याय सार्वजनिक मालकीचा. ईडनव्हिल परिसरात शेवटी हेच झालं. चारही धरणं टास्क फोर्सच्या ताब्यात आली. पुनर्बांधणीचा खर्च सुमारे ४० कोटी डॉलर आहे. त्यातले २० कोटी डॉलर राज्याने दिले आणि उरलेल्याचा मोठा भाग तलावाकाठच्या घरमालकांवर विशेष आकारणी लावून उभा करायचं ठरलं. ज्याला तलावाचा फायदा त्याने पैसे द्यावेत, असं त्यामागचं सूत्र. ते रास्त वाटतं, पण आकारणीची रक्कम पाहून अनेक घरमालक कोर्टात गेले.

भारतात काय स्थिती आहे?

भारतात बहुतेक मोठी धरणं सरकारी आहेत आणि सर्वाधिक मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत. पण खासगी धरणं आपल्याकडेही आहेत. लोणावळा, वळवण, शिरवता, ठोकरवाडी आणि मुळशी ही शंभरीच्या आसपास पोहोचलेली धरणं टाटा पॉवरची आहेत. ती पर्यटकांच्या आवडीची असली, तरी मनोरंजनासाठी नाहीत. तिथे वीज तयार होते, म्हणजे देखभालीसाठी उत्पन्नाचा स्रोत आहे. साउथ फोर्क आणि ईडनव्हिलमध्ये नेमका हाच स्रोत आटला होता किंवा कधी नव्हताच.

धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये आला. १५ मीटरपेक्षा उंच धरणं, तसंच १० ते १५ मीटर उंचीची काही निकषांत बसणारी धरणं त्याच्या कक्षेत येतात. कायद्यातली 'मालक' या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. केंद्र, राज्य, स्थानिक संस्था यांच्याबरोबर कंपन्याही त्यात येतात आणि धरण चालवणारे, त्याची देखभाल करणारेही येतात. मालकाला धरण सुरक्षेसाठी स्वतंत्र पथक ठेवावं लागतं, पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करावी लागते, आपत्कालीन कृती आराखडा तयार करावा लागतो आणि देखभालीसाठी पैशांची तरतूद करावी लागते. कायद्याच्या अंमलबजावणीत अडथळा आणला किंवा आदेश पाळले नाहीत, तर तुरुंगवासाची तरतूद आहे.

कायद्याच्या उंचीच्या निकषात न बसणारे लहान बांध आणि तलाव मात्र या चौकटीबाहेर राहतात.

आणि सरकारी मालकी म्हणजे आपोआप सुरक्षितता, असंही नाही. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं आणि वीसहून अधिक माणसं गेली. धरण सरकारी होतं. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. धरण खेकड्यांनी पोखरल्याचं कारण तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी सांगितलं आणि त्यावर राज्यभर टीका झाली. प्राणी भराव पोखरू शकतात, हे खरंच आहे. पण म्हणूनच तर तपासणी करायची असते.

आपल्या वरच्या बाजूला धरण असेल तर काय विचारावं?

धरण सरकारी असो की खासगी, खालच्या गावाने पुढचे प्रश्न विचारायला हरकत नाही. ग्रामसभेत ते मांडता येतात. सरकारी कार्यालयाकडून माहिती अधिकारात उत्तरं मागता येतात.

१. धरणाचा आजचा मालक कोण आहे आणि देखभाल कोण करतं?

२. शेवटची तपासणी कधी झाली आणि त्यात सांगितलेली कोणती कामं अजून बाकी आहेत?

३. तलाव गरज पडल्यास रिकामा करता येतो का? विमोचकाचं दार चालू स्थितीत आहे का?

४. सांडवा मोकळा आहे का? तिथे जाळी, बांधकाम किंवा अतिक्रमण आहे का?

५. धरण फुटलं तर पाणी कुठवर आणि किती वेळात पोहोचेल, याचा नकाशा आहे का? इशारा कोण देणार, तो कसा कळणार?

६. देखभालीचे पैसे कुठून येतात? मालकाचं उत्पन्न बंद झालं तर ते कोण देणार?

यातला शेवटचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. साउथ फोर्क आणि ईडनव्हिल या दोन्ही ठिकाणी दोष माहीत होते, ते लेखी सांगितलेही गेले होते. दुरुस्तीचा अधिकार ज्याच्याकडे होता, त्याची पैसे घालण्याची तयारी किंवा ऐपत नव्हती. आणि ज्यांचा जीव टांगणीला होता, त्यांच्याकडे अधिकार नव्हता. जुन्या धरणाच्या बाबतीत जबाबदारी, अधिकार आणि पैसा या तीन गोष्टी एकाच हातात आहेत का, हे पावसाळ्याआधीच तपासलेलं बरं.